ताबा नव्हे, चवथ

आमचे साडू खुर्चीला पाठ टेकून बसलेले पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत कुणी पाहिले नव्हते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, डिचोलीच्या एका विद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक. पेडण्याला आमच्या घरी आले की खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचे, तेही एक पाय दाराकडे ठेवून. चहा उभ्याने. एकदा मी त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना खुर्चीत नीट बसवलं आणि म्हटलं, "अहो, आता पाच मिनिटं तरी स्वस्थ बसा." त्यांनी दीड मिनिट प्रयत्न केला. मग म्हणाले, "मास्तर, बसलंय काय पाय सुजतत माजे," आणि पंख्यावरची धूळ पुसायला स्टूल शोधू लागले. माझी बायको म्हणते, "तो जल्माक इलो तेव्हा सुईण वाटेर आसतली."

बसने यायचे झाले तर पेडण्याला उतरण्यासाठी ते धारगळलाच उठून दारात उभे राहत. कंडक्टर नवा असेल तर त्याला वाटे, हे इथेच उतरणार, आणि तो घंटी मारे. मग गाडी थांबे, साडू उतरत नसत आणि ड्रायव्हर जे बोले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्नाचा मुहूर्त दुपारी असला तर हे सकाळी आठला मांडवात हजर. मांद्र्याच्या एका लग्नात यजमानांच्याही आधी पोचले, खुर्च्या लावून घेतल्या, जेवणाच्या पंगतीत भात कमी पडतोय म्हणून आत जाऊन दोनदा दम भरला. शेवटी वधूपित्याने स्वयंपाक्याचे पैसे यांच्याच हातात ठेवले. आमच्याकडे मुक्कामाला असले की पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाट बघत फाटकाशी उभे. त्याच्या भोंग्याचा आवाज लांबून आला की हे चालत दोन आळ्या पुढे जाऊन त्याला गाठत आणि विचारत, "उशीर कित्याक?" बिचाऱ्याला उशीर झालेला नसेच. पण त्याने या ससेमिऱ्याला कंटाळून आपली वाटच बदलली आणि तो पहिल्यांदा आमच्याच दारात येऊ लागला. आमच्या आळीत आज सगळ्यात आधी गरम उंडे पाव मिळतात ते आमच्या घरी, आणि त्याचं श्रेय साडूंचं आहे.

अशा माणसाने जगातली कुठलीही वस्तू विकत घ्यावी, फक्त अजून बांधून व्हायची असलेली घेऊ नये. साडूंनी नेमकी तीच घेतली.

त्यांचं मूळ घर मयेला. तीन भाऊ, तिघांच्या चुली वेगळ्या आणि यांच्या वाट्याला एक खोली. म्हणून डिचोलीत अकरा वर्षं भाड्याने राहत होते. आपलं म्हणून एक घर असावं, ते बहिणीच्या जवळ असावं, एवढंच माझ्या मेहुणीचं म्हणणं. पेडण्याच्या वेशीवर एक इमारत उठत होती. बिल्डर मूळचा मांद्र्याचा, आजवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारा, गोड बोलणारा माणूस. त्याने कागदावर दुसऱ्या मजल्यावरचं एक चौकोनी खोकं दाखवलं आणि दीड वर्षात ताबा देतो म्हणून सांगितलं. बँकेने कर्ज दिलं. जामीन म्हणून सही माझी. सही करताना मला काही वाटलं नाही, कारण जो माणूस वाणसामानाचे पैसे वाण्याने मागायच्या आत देतो, त्याच्यासाठी जामीन राहायला भीती कसली?

मग दर रविवारी साडू स्कूटरवरून डिचोलीहून निघत. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ करत साडेसातला बांधकामावर हजर. भिंत उठायच्या आधी ते भिंतीची लांबी मोजत. उठल्यावर ती पुन्हा मोजत. स्लॅब पडला तेव्हा सिमेंटला पाणी हवं म्हणून यांनी रबरी नळी हातात घेतली ती सोडेचनात. बेळगावकडचा मुकादम होता, शांत, मिशीवाला माणूस. तो अखेर म्हणाला, "सायेब, शिमिटाला पानी लागतंय हे खरं, पन एवढं न्हाई. व्हावून जाईल की ओ सगळं." तिथून साडू आमच्याकडे येत आणि उभ्याउभ्या सगळा वृत्तान्त सांगत. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला येणार, मेहुणीला सकाळी ऊन मिळणार, हे मी किमान चाळीस वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा मात्र पहिल्यांदा सांगत असल्यासारखा उजळे, म्हणून मीही पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं करी.

त्या वर्षीच्या चवथीला मयेच्या घरात त्यांनी जी चूक केली ती आमच्या मुलखातलाच माणूस करू शकतो. संध्याकाळी आरतीनंतर थोरल्या भावाने गणपतीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. घरादाराचं, गुराढोरांचं, परदेशात गेलेल्यांचं बरं कर, अशी सगळी यादी झाली. भाऊ दम घ्यायला थांबला, आणि थांबणं म्हणजे काय ते ठाऊक नसलेले आमचे साडू मधेच पुढे होऊन म्हणाले, "आणि म्हाराजा, फुडल्या चवथीक माज्या नव्या घरात तुजी थापणूक करतलंय!" घरातल्या पंचवीस माणसांनी सवयीने एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" संपलं. बँकेच्या कागदावर केलेली सही एक वेळ वकील सोडवेल. गाऱ्हाण्यात दिलेला शब्द कोण सोडवणार? मेहुणीने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. "घराक अजून दार नाय," ती हळूच म्हणाली.

दार पुढेही बसलं नाही. दुसरा मजला झाला, विटा लागल्या आणि काम थांबलं. रेती मिळत नाही. मग माणसं गावी गेली. मग पंचायतीचा कसलासा कागद यायचा राहिला. बिल्डर प्रत्येक वेळी तितकाच गोड बोले. "टेन्शन घेव नकात. फाल्यां काम सुरू." त्याचा हा फाल्यां म्हणजे उद्या कॅलेंडरात काही सापडेना. दीड वर्षाची दोन वर्षं झाली. तोवर बँक फक्त व्याज घेत होती, ते साडू कसंबसं पेलत होते. पण तिची ठरलेली मुदत संपली आणि ज्येष्ठात पूर्ण हप्ता सुरू झाला. साडू धावत बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की ताबा ही तुमची आणि बिल्डरची गोष्ट, हप्ता ही तुमची आणि आमची. साडूंनी ते मला आमच्या अंगणात फेऱ्या मारत सांगितलं. एका पगारात आता दोन घरं होती. राहत होते ते आपलं नव्हतं, आणि ज्याचे पैसे भरत होते तिथे राहता येत नव्हतं.

मेहुणीच्या घरचं मासळीचं ताट आठवड्यातून एकदावर आलं. साडूंनी स्कूटर विकली आणि बसने येऊ लागले, म्हणजे आता घंटीचा घोळ दर रविवारी. हाताची बोटं सारखी कशावर तरी वाजवत. बोलताना मधेच थांबून रस्त्याकडे बघत. पूर्वी त्यांची धावपळ बघून हसू येई, आता मला बघवेना. आषाढाचा हप्ता चुकला, श्रावणाचाही चुकला, आणि एका दुपारी बँकेतून एका मुलीचा अतिशय नम्र फोन मला आला. जामीनदार म्हणून आपल्याला कळवत आहोत, म्हणाली. मी दुपारी दोन तास झोपणारा निवृत्त मास्तर. त्या दिवशी झोपलो नाही. पडवीत इकडून तिकडे चालत राहिलो. बायको आतून बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता तुमी पण?"

मी साडूंना बोलावून घेतलं आणि सांगितलं की बुकिंग रद्द करा. बिल्डर काही रक्कम कापून बाकीची परत देईल, ती बँकेला भरा आणि मोकळे व्हा. हे सांगणं सोपं होतं. त्या पैशांत पेडण्यात पुन्हा घर मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. विमानतळ आल्यापासून इथे जमिनीचे भाव विचारायचीसुद्धा सोय उरलेली नाही. त्यांनी पडवीला दोन फेऱ्या घातल्या. मग म्हणाले, "पत्र तुमीच लिवा, मास्तर. तुमचा अक्षर बरा." मी लिहिलं. विषय, सदनिकेचे आरक्षण रद्द करण्याबाबत. आपलं अक्षर चांगलं असल्याचा मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा राग आला. साडूंनी पत्र उभ्याने वाचलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. "चवथ जाव दी. मगे देतंय."

पण चवथच तर अडली होती. सोबत आलेली मेहुणी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "भावोजी, पाट दिलेलो आसा."

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा लाकडी पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा. त्यावर तो मूर्ती घडवतो, त्याच पाटावरून ती घरी येते, आणि विसर्जन झालं की रिकामा पाट परत त्याच घरात आणून जागेवर ठेवायचा. साडूंचा स्वभाव बघता त्यांनी पाट कधी दिला असेल? लोक नागपंचमीच्या सुमाराला देतात, यांनी वैशाखात देऊन ठेवला होता. मूर्ती रंगून तयार होती, आणि तिला जायला घर नव्हतं. डिचोलीला घरमालकाचा स्वतःचा गणपती, त्याच छपराखाली दुसरा त्याला चालेना. आमच्याकडे आमचा. मयेला जावं तर तिथेच देवापुढे शब्द दिलेला. साडू पेडण्याच्या बाजारात तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "बिल्डराक इचारून बघतंय."

मीही सोबत गेलो, कारण खिशातलं पत्र आता ते कोणत्या क्षणी काढतील याचा भरवसा नव्हता. बिल्डर नेहमीसारखा हसत बाहेर आला. साडूंनी ताबा मागितला नाही, काम कधी सुरू होणार हेही विचारलं नाही. "गणपती हाडूचो आसा. दीड दिवस," एवढंच म्हणाले. बँकेला, पंचायतीला आणि गिऱ्हाइकांना वर्षभर फाल्यां म्हणणारा तो माणूस एकदम गप्प झाला. चवथीच्या तोंडावर दारात आलेल्या गणपतीला उद्या ये म्हणायची छाती आमच्याकडे अजून कुणा बिल्डरला झालेली नाही. त्याने आत जाऊन खालच्या लोखंडी गेटची चावी आणली. ती साडूंच्या हातात ठेवताना मात्र धंद्याची आठवण झाली असावी. बोट वर करून म्हणाला, "ह्यो ताबो न्हय हां. ही चवथ."

त्या दीड दिवसासाठी आम्ही सगळे राबलो. मुकादमाने जिन्यावरची खडी हटवली. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायच्या चौकटीला, छतात आकडे नव्हते, म्हणून त्याने सेंटरिंगचे दोन बांबू भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून दिले आणि त्यांना आम्ही नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, चिबूड, तोरिंजन असं सगळं बांधलं. खाली गुळगुळीत फरशी नाही, भिंतींना गिलावा नाही, खिडक्यांना नुसती भोकं. पूर्वेच्या खिडकीतून खरंच सकाळचं ऊन आत आलं आणि थेट मेहुणीच्या शेगडीवर पडलं. ती हळदीच्या पानात पातोळ्या घालत होती. तिने उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. साडू नेहमीप्रमाणे जिना खालीवर करत होते, मूर्ती आणायला वेळेच्या दीड तास आधी निघून गेले. आरती सुरू झाली तर वाऱ्याने समई विझे. शेवटी मुकादमाने प्लायवूडचा एक मोठा तुकडा उचलला आणि तो खिडकीला लावून, दोन्ही हात वर धरून संपूर्ण आरतीभर उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "तुम्ही नाही गेलात सणाला गावी?" तो म्हणाला, "राखनीला कोन तरी पायजे की ओ. आमच्या घरात बी आत्ता हीच आरती चालू आसंल."

मग गाऱ्हाणं. आता घरधनी साडू, म्हणजे घालायचं त्यांनीच. ते नारळ घेऊन पुढे झाले. मला वाटलं, आता घाईघाईत काहीतरी बोलून नवा घोळ करणार. पण हा माणूस पहिल्यांदाच थांबून थांबून बोलला. "बा म्हाराजा, सांगितल्लंय तसो तुका हाडलो. ह्या घर माजा आसा काय नाय ता माका खबर नाय. कागद नाय, दार नाय, दोन हप्ते चुकले. मगे आमी ह्या घरात ऱ्हवतलों काय नाय ता तूच बघ. पण आज तू माज्या घरात बसलंस." एवढं म्हणून त्यांनी नारळ मूर्तीपुढे ठेवला. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. खिडकीकडून मुकादमाचाही आवाज आला. माझे डोळे भरले आणि मी ते लपवलेही नाहीत.

जेवणं झाली. मी हात धुऊन आलो तर साडू कुठे दिसेनात. बघतो तर मूर्तीसमोर, उघड्या विटांच्या भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसलेले. बसल्या बसल्या झोपी गेले होते. तोंड किंचित उघडं, शर्टाच्या पाठीला सिमेंटची धूळ आणि वरच्या खिशातून माझ्या पत्राची पांढरी कड बाहेर आलेली. मेहुणी दारात आली आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "उठव नकात, भावोजी." आम्ही सगळे तासभर कुजबुजत बोललो. त्या तासात ते एकदाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विसर्जन करून रिकामा पाट परत आणला, जिथे मूर्ती होती तिथे ठेवला, आरती केली. गेटची चावी परत करून साडू आमच्याकडे आले. चहा हातात घेऊन उभे राहिले. "मास्तर, पाट थंय ठेवलो," म्हणाले. "आता पत्र कसा देव?"

मी काही उत्तर द्यायच्या आत माझी बायको म्हणाली, "पत्र नाका, काय नाका. डिचोलीचा भाडा सोडा आणि आमच्या मागल्या खोलयेत येवन ऱ्हवा. हप्तो तेवढो भरा." बायकोच्या बहिणीकडे बिऱ्हाड करणं आमच्याकडे कमीपणाचं. ते तांबडे झाले, फाटकापर्यंत जाऊन आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. दसऱ्यानंतर दोन कपाटं, एक शेगडी आणि अकरा वर्षांचा संसार टेम्पोतून आमच्या दारात उतरला. वाचलेल्या भाड्यातून आधी चुकलेले हप्ते भरून झाले. बँकेतल्या नम्र मुलीचा फोन पुन्हा आला नाही.

ते आठ महिने मी कसे काढले ते विचारू नका. पहाटे साडेपाचला फाटकाची कडी, सहाला विहिरीच्या रहाटाचा कुरकुराट, सातला ते बससाठी निघाले की घर थोडं श्वास घेई, आणि संध्याकाळी आले की पुन्हा दारं, स्टुलं, पावलं. माझी दुपारची झोप रविवारी सुट्टीवर जाई. माझ्या घरातल्या सगळ्या नळांचे वायसर त्यांनी बदलले, चांगल्या नळांचेसुद्धा. "आता एकदाचा ताबा मिळू दे," असं मी देवाला रोज सांगे, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही.

मिळाला. कसलाही गाजावाजा न होता एका बुधवारी बिल्डरने कागद दिला, दार बसलं होतं, फरशी झाली होती, पूर्वेच्या खिडकीला काचा होत्या. पाट तिथेच होता. टेम्पो दीड किलोमीटर जाऊन थांबला. आता ते तिथे राहतात. मेहुणी सांगते की शाळेतून आले की गॅलरीतल्या खुर्चीत पाठ टेकून बसतात आणि हलवले तरी हलत नाहीत. मला आनंद आहे. पण ज्याला आता कुठे धावायचं नाही तो आमच्याकडे तरी कशाला धावत येईल? रविवारी येतात कधी कधी. बसतात. चहा बसून पितात. मला त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नाही.

परवा मागची खोली झाडायला घेतली. तिची खिडकी वाऱ्याने कायम खडखडे, ती गेले कित्येक महिने गप्प होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. चौकटीच्या फटीत चार घड्यांचा एक कागद घट्ट खोचलेला होता. ओढून काढला, उघडला. विषय, सदनिकेचे आरक्षण रद्द करण्याबाबत. खाली सहीची जागा कोरी. तो हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात वारा सुटला आणि खिडकी पूर्वीसारखी खडखडायला लागली. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "इलो काय तो? चाय ठेवू?"

"नाय गे," मी म्हटलं. कागद परत खोचला नाही, खिडकी खडखडू दिली.